निरीक्षणाच्या रात्री दुर्बीण अडली तर तपासणी कोठून सुरू करावी

दुर्बीण आणि तिला जोडलेला कॅमेरा लॅपटॉपवरून चालवताना पडद्यावर सॉफ्टवेअरची चूक म्हणून दिसणाऱ्या पुष्कळ बिघाडांचे मूळ वीजपुरवठ्यात, केबलमध्ये किंवा काचेवर साचलेल्या दवात असते. म्हणून तपासणी विजेपासून सुरू करावी, नंतर केबल, मग ड्रायव्हर (उपकरण लॅपटॉपशी जोडणारे सॉफ्टवेअर) आणि शेवटी सेटिंग पाहावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलून यंत्रणा चालू झाली, तर नेमके कारण कळत नाही आणि तोच बिघाड थोड्या वेळाने पुन्हा उपटतो.

माउंट (दुर्बीण पेलणारी आणि मोटरने फिरवणारी बैठक) मध्येच बंद पडून सुरू होत असेल, हँड कंट्रोलर अलाइनमेंट (ओळखीच्या ताऱ्यांवर दुर्बीण रोखून तिला करून दिलेली दिशांची ओळख) विसरत असेल किंवा मोटर वेगाने फिरू लागताच कॅमेऱ्याची जोडणी तुटत असेल, तर आधी मल्टिमीटर हाती घ्यावा. काहीही भार नसताना बॅटरीने दाखवलेल्या १२.५ व्होल्टवर विसंबू नये. माउंट पूर्ण वेगाने फिरत असताना, कॅमेऱ्याचा कूलर आणि दव रोखणारा हीटर चालू ठेवून, माउंटच्या बाजूच्या टोकाशी मोजलेला आकडाच उपयोगाचा असतो. त्या वेळी बॅटरीपाशी १२.४ आणि माउंटपाशी ११ व्होल्ट मिळाले, तर दोष बॅटरीत नसून बारीक, लांब तारेत किंवा सैल पिनेत आहे. अशा वेळी हीटर दुसऱ्या बॅटरीवर न्यावा किंवा कूलरचे तापमान काही अंश वर आणावे. त्या रात्रीपुरते एवढे बहुधा पुरते.

यूएसबीच्या बाबतीत दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. साधी यूएसबी २.० केबल ५ मीटरपेक्षा लांब नसावी, आणि प्रत्येक उपकरण नेहमी त्याच पोर्टमध्ये लावावे, कारण पोर्ट बदलला की विंडोज अनेकदा माउंटला नवा कॉम क्रमांक (जोडणी ओळखण्याचा क्रमांक) देते आणि नियंत्रण करणारे सॉफ्टवेअर जुन्याच क्रमांकावर माउंट शोधत राहते. बराच वेळ शांत असलेले उपकरण अचानक नाहीसे होत असेल, तर पॉवर सेटिंगमधील यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वापरात नसलेले उपकरण झोपवण्याची सोय) बंद करावे.

दुर्बीण चुकीच्या जागी रोखली जात असेल, तर किती अंशांनी चुकते हे पाहिले की कारण बरेचसे उघड होते. आकाश तासाला सुमारे १५ अंश फिरते, त्यामुळे पहिल्याच अलाइनमेंट ताऱ्याकडे पाठवलेली दुर्बीण विषुवांशाच्या (आकाशातील पूर्व-पश्चिम) दिशेने १५ अंश बाजूला थांबली, तर घड्याळात एका तासाची चूक आहे. वेळ-विभाग किंवा उन्हाळी वेळेचे सेटिंग तपासावे. चूक साडेसात अंशांची असेल, तर अर्ध्या तासाचा घोळ आहे. सुमारे २९ अंशांची चूक असेल, तर तारखेतील महिना आणि दिवस उलट टाकले गेले असण्याची शक्यता धरावी: ५ एप्रिलऐवजी ४ मे नोंदवल्यास २९ दिवसांचा फरक पडतो, आणि नक्षत्रकाल (ताऱ्यांच्या फिरण्यावरून मोजलेली वेळ) दररोज जवळजवळ एक अंश पुढे जातो. पूर्व रेखांशाऐवजी पश्चिम रेखांश टाकला गेला असेल, तर चूक रेखांशाच्या दुप्पट भरते. ही मोजणी करायला दोन मिनिटे लागतात. तेवढी न करता पुन:पुन्हा अलाइनमेंट करत बसणे हा माझ्या मते निरीक्षणाच्या वेळेचा सर्वांत मोठा अपव्यय आहे.

प्लेट सॉल्व्हिंग (छायाचित्रातील तारे नोंदींशी जुळवून दुर्बिणीची दिशा ओळखणे) होत नसेल, तर प्रथम फोकस आणि ढग पाहावेत, मग सॉफ्टवेअरमध्ये नोंदवलेले दुर्बिणीचे नाभीय अंतर (फोकल लेंग्थ) तपासावे. पिक्सेलचा आकार मायक्रोमीटरमध्ये घेऊन २०६.२६५ ने गुणावा आणि मिलिमीटरमधील नाभीय अंतराने भागावा, ३.७६ मायक्रोमीटरचा पिक्सेल आणि ७५० मिलिमीटर नाभीय अंतर असल्यास उत्तर प्रत्येक पिक्सेलला सुमारे १.०३ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) येते. रिड्यूसर (नाभीय अंतर कमी करणारे भिंग) लावून जुनेच नाभीय अंतर ठेवले असेल, तर हे मान छायाचित्राशी जुळत नाही. इंटरनेट नसलेल्या जागी ताऱ्यांची माहिती लॅपटॉपवर आधीच उतरवलेली असावी लागते.

गायडिंगचा (एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची गती सतत दुरुस्त करण्याचा) तारा हरवल्याची सूचना वारंवार येऊ लागली, तर सेटिंगला हात लावण्यापूर्वी दुर्बिणीच्या तोंडाशी तिरपा टॉर्च धरून पाहावा. निरभ्र आकाशाकडे उष्णता उत्सर्जित करत राहिल्याने काच सभोवतीच्या हवेहूनही थंड होते आणि दवबिंदूच्या खाली जाताच तिच्यावर दव धरते. तारे फिके पडतात, त्यांच्याभोवती प्रभा दिसते आणि सॉफ्टवेअरला तारा सापडत नाही. काच पुसू नये, हळूहळू ऊब द्यावी. काच स्वच्छ असूनही तारे एकाच दिशेने ओढल्यासारखे दिसत असतील, तर लोंबणारी केबल कोठे अडकते का ते पाहावे. दुर्बीण याम्योत्तर वृत्त (आकाशातील डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडताना कॅमेरा तिपाईच्या पायाला भिडण्याची चिन्हे दिसली, तर मात्र कारण शोधत न बसता आधी मोटरची वीज तोडावी.

बिघाडाला अर्ध्या तासाची मुदत द्यावी. तेवढ्यात तो सुटला नाही, तर गायडिंग सोडून कमी अवधीची छायाचित्रे घ्यावीत किंवा कॅमेरा काढून नेत्रिका (डोळ्याने पाहण्याचे भिंग) लावावी. फर्मवेअर (उपकरणाच्या आतले सॉफ्टवेअर) आणि ड्रायव्हर बदलण्याचे काम रात्री अंगणात करू नये. ते मध्येच फसले, तर चालू असलेला भागही हातचा जातो. बिघाडाची वेळ आणि पडद्यावरील संदेश लिहून ठेवावा, लॉग फाइल (सॉफ्टवेअरने ठेवलेली घडामोडींची नोंद) वेगळी जपावी, आणि दुसऱ्या दिवशी दुर्बिणीचे तोंड झाकून, त्याच बॅटरीवर, त्याच केबल लावून, तेवढाच भार देऊन बिघाड घरातच पुन्हा घडवून पाहावा.