दोघांनी मिळून तीन दिवस पळायचं तर: सातारा ते वाई, डोंगरधारेनं

साताऱ्यात पळणाऱ्यांना तोटा नाही. पहाटे यवतेश्वरचा घाट चढणारे, अजिंक्यताऱ्याला फेरी मारून कामावर जाणारे, 2012 पासून होणाऱ्या हिल हाफ मॅरेथॉनसाठी वर्षभर घाम गाळणारे, सगळे एकमेकांना तोंडओळखीनं तरी ओळखतात. त्यातल्या बऱ्याच जणांच्या डोक्यात कधी ना कधी पुढचा किडा वळवळतो: पाठीवर पिशवी, जोडीला एक मित्र आणि सलग तीन दिवस डोंगरातून पळत जायचं. ते कसं करावं, ते इथं सांगतो. उदाहरणाला सातारा–कास–महाबळेश्वर–वाई ही वाट घेतली आहे. हिशोब कळला की सांगलीकरांनी तो आपापल्या डोंगरांना लावावा.

पहिलं काम: जोडीदाराशी बोलून घेणं

बेत ठरला की लोक आधी बुटांची दुकानं पालथी घालतात. मी म्हणेन, आधी मित्राकडे नीट बघा. रविवारी दोन तास सोबत पळणं आणि तिसऱ्या दिवशी सुजलेल्या पायांनी, उपाशीपोटी, एकाच माणसाचं तोंड बघत पळणं यात फार फरक आहे. दोघांचा वेग तंतोतंत सारखा नसतोच आणि असायची गरजही नाही. फरक किती आहे हे दोघांनाही माहीत असावं आणि त्याचं काय करायचं हे दम लागायच्या आधी ठरलेलं असावं, एवढं पुरे.

घरी चहा पिताना चार गोष्टी ठरवा. चढावर आणि अरुंद पायवाटेवर हळू असणारा पुढे राहील. वेगवान माणूस पुढे गेला की मागचा त्याच्या पाठीकडे बघून ओढाताण करतो आणि तासाभरात गळपटतो. दुसरं, एकमेकांच्या हाकेच्या पलीकडे जायचं नाही आणि फाटा आला की दुसरा येईपर्यंत थांबायचं. तिसरं, एकानं "आता बास" म्हटलं की दोघांचं बास. तिथं "चल की रं, थोडंच राहिलंय" ही भाषा नको. चौथं, दुपारी किती वाजता कुठवर पोचलो नाही तर पुढे न जाता गावाकडे उतरायचं, ती वेळ आधीच ठरवायची. थकलेलं डोकं अशा वेळी नेहमी पुढे जाण्याच्या बाजूनं कौल देतं.

पैशाचंही बोला. एकाला शंभर रुपयांत देवळाच्या ओवरीत झोपायचं असतं आणि दुसऱ्याला गरम पाण्याची खोली हवी असते. यावरून झालेल्या कुरबुरी पायाच्या फोडांपेक्षा जास्त टोचतात.

वाट कशी बेतावी

पहिल्या दिवशी सातारा ते कास. रस्त्यानं हे अंतर सुमारे 25 किलोमीटर आहे. सातारा शहर साधारण 700 मीटर उंचीवर आहे आणि कासचं पठार 1200 मीटरच्या आसपास. त्यातला मोठा चढ यवतेश्वरच्या घाटातच संपतो. पुढे डाव्या हाताला उरमोडीचं पाणी आणि सज्जनगड, उजव्या हाताला कण्हेर धरण. हा टप्पा मुद्दाम सोपा ठेवला आहे. पहिल्या दिवशी अंगात भलताच जोर असतो. तो तिथंच उधळला तर दुसऱ्या दिवशी भोगावं लागतं.

दुसरा दिवस सगळ्यांत लांबचा. कासहून उत्तरेला महाबळेश्वरकडे डोंगराच्या धारेनं जुना राजमार्ग जातो. कुठे कच्चा गाडीरस्ता, कुठे गवतातली पायवाट. पश्चिमेला खाली शिवसागरचं, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचं पाणी, पूर्वेला वेण्णेचं खोरं. धारेवर पाण्याचा भरवसा नाही, गावं बहुतेक खाली उतारावर आहेत. गुरांच्या ढोरवाटा मुख्य वाटेला इतक्या ठिकाणी येऊन मिळतात की मळलेली वाट म्हणजे बरोबर वाट असं समजू नका. नकाशा मोबाइलमध्ये इंटरनेटशिवाय उघडेल असा उतरवून घ्या, दोघांच्याही मोबाइलमध्ये. धारेवर कुठेही अडलात तर पूर्वेला मेढ्याच्या बाजूला उतरणं शहाणपणाचं. तिथं डांबरी रस्ता आहे, एसटी आहे, दवाखाना आहे. पश्चिमेकडे जंगल दाट होत जातं आणि पुढे जलाशय आडवा येतो.

तिसऱ्या दिवशी क्षेत्र महाबळेश्वरला कृष्णेच्या उगमाचं दर्शन घेऊन जोर गावाकडे उतरायचं आणि नदीच्या सोबतीनं बलकवडी, धोम करत वाई गाठायची. जोरची उतरण झाडीतली आणि तीव्र आहे. पहिल्यांदा जाणाऱ्यानं गावातला वाटाड्या घ्यावा. तो घ्यायचा नसेल तर पाचगणी–पसरणी घाटाचा डांबरी रस्ता आहे, पण गाड्यांच्या गर्दीत पळण्यात मजा नाही आणि जिवालाही धोका.

साताऱ्याहून रविवारी निघा. मग महाबळेश्वरचा मुक्काम सोमवारी पडतो. शनिवार-रविवारी तिथं दोन थकलेल्या माणसांना खोली मिळणं आणि ती परवडणं, दोन्ही अवघड.

कधी जावं आणि कुणाला विचारावं

नोव्हेंबरचा शेवट ते फेब्रुवारी. पावसाळ्यात धारेवर धुकं असं उतरतं की दहा पावलांवरचा मित्र दिसत नाही. मार्चनंतर ऊन, आटलेले झरे आणि वणवे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कासला फुलांचा हंगाम असतो. प्रवेशावर मर्यादा असते, शुल्क असतं, आणि खरं सांगायचं तर ते दिवस पळण्याचे नाहीतच. 2012 मध्ये पश्चिम घाटाबरोबर हे पठार जागतिक वारशात गेलं. जांभा खडकावरच्या मातीचा थर तिथं इतका पातळ आहे की बुटांनी तुडवलेलं पुन्हा लवकर रुजत नाही. कोणत्याही ऋतूत रस्ता सोडून पठारावर पळू नका. कास तलाव सातारा शहराला पाणी पुरवतो, त्यात पाय बुचकळायचा मोहही आवरा.

वाटेचा बराच भाग वनखात्याच्या हद्दीतून जातो, तेव्हा निघण्याआधी वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात जाऊन विचारा. वासोटा किल्ला आणि कोयना अभयारण्य सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतात. ते या बेतात घुसडू नका.

तयारी

महिन्यातून एकदा चाळीस किलोमीटर पळण्यापेक्षा शनिवारी आणि रविवारी लागोपाठ मध्यम अंतर पळणं इथं जास्त कामाला येतं. दुसऱ्या दिवशी आखडलेल्या पायांनी पळायची सवय त्यातूनच लागते. दोन-अडीच महिने हा क्रम ठेवा आणि शेवटचे दहा दिवस पळणं निम्म्यावर आणा.

आपल्याकडे एक चूक सर्रास होते. चढाचा सराव सगळे करतात, उताराचा कुणी करत नाही. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच वजन पेलतात. त्यानं स्नायूंना बारीक इजा होते आणि ठणका एक ते तीन दिवसांनी शिगेला पोचतो. पहिल्या दिवशीची मस्ती तिसऱ्या दिवशी जोरच्या उतरणीवर वसूल होते ती अशी. सज्जनगडाच्या पायऱ्या, अजिंक्यताऱ्याची वाट किंवा सांगलीकडच्यांना दंडोबाचा डोंगर सरावाला उत्तम. पावलं छोटी टाका, गुडघे किंचित वाकलेले ठेवा, नजर तीन-चार पावलं पुढे. हिवाळ्यात वाळलेलं गवत मुरमावर आडवं पडतं, तिथं पाय भुईमुगाच्या ओल्या शेंगेवर पडल्यासारखा सटकतो.

सराव भरलेल्या पिशवीसह करा आणि शक्यतो त्याच मित्राबरोबर. एकदा दोन दिवस, एक मुक्काम अशी रंगीत तालीम झाली की उरलेले प्रश्न आपोआप समोर येतात.

पिशवीत काय

अंगाला घट्ट बसणारी, पळताना न हिंदकळणारी पिशवी आणि पाण्यासकट पाच किलोच्या आत वजन. मुक्काम छपराखाली असल्यानं तंबू लागत नाही. वजनाची खरी बचत जोडीमुळे होते: औषधांची पिशवी एकाकडे, पॉवर बँक आणि चाकू दुसऱ्याकडे. मात्र पाणी, शिट्टी, डोक्याला लावायची बॅटरी, पातळ वाराबंद जाकीट आणि थोडे रोख पैसे दोघांकडेही हवेतच, कारण चुकामूक व्हायला एक फाटा पुरतो.

बूट नेहमीपेक्षा अर्धा नंबर मोठे आणि तळाला खाचा असलेले घ्या. दिवसभराच्या पळण्यानं पाय सुजतात आणि उतारावर बोटं पुढे आदळून नखं काळी पडतात. मोजे पातळ, गुळगुळीत विणीचे. लोकरी मोज्यांत कुसळं अशी रुततात की दर अर्ध्या तासाला वेचत बसावं लागतं. पहाटेच्या दवानं गवत ओलं असतं, म्हणून कोरड्या मोज्यांचा एक जोड वेगळ्या प्लॅस्टिकमध्ये ठेवा आणि दव सुकल्यावर बदला. टाचेला, बोटांच्या बेचक्यांत, मांड्यांना व्हॅसलीन. कुठे चुरचुरायला लागलं की तिथल्या तिथं थांबून चिकटपट्टी लावायची. मित्राला थांबवायला संकोच करून पुढे गेलात तर त्याला नंतर तासभर थांबावं लागेल.

पळताना

उजाडता निघा. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास वर येतो आणि सहाला मावळतो, हातात अकरा तासच आहेत. खडा चढ चालायचा, सपाटी आणि हलका उतार पळायचा. बोलता येईल इतपतच वेग ठेवा. जोडीचा हा मोठा फायदा आहे: एकाची बडबड थांबली की वेग जास्त झाला हे दुसऱ्याला कळतं. घाटातल्या हाफ मॅरेथॉनच्या वेळेवरून अंदाज बांधू नका. अशा वाटेवर थांबे धरून तासाला पाच-सहा किलोमीटर पडले तरी उत्तम.

खाणं भुकेची वाट न बघता, अर्ध्या-पाऊण तासाला थोडं थोडं. तासाला 30 ते 60 ग्रॅम पिष्टमय पदार्थ पोटात जावेत असा हिशोब धरतात. दोन मध्यम केळ्यांत साधारण 50 ग्रॅम येतात. केळी पिशवीत चेंदामेंदा होतात, म्हणून पुढे राजगिऱ्याचे लाडू, चिक्की, खजूर, गूळ-शेंगदाणे. कंदी पेढा दुधाचा आणि जड. एखादा तोंडात टाका, पुडा मुक्कामी उघडा. गोडाचा वीट आला की भाकरीच्या तुकड्यावर ठेचा लावून खावा. घरून निघताना बांधून घेतलेली ही शिदोरी दुसऱ्या कशापेक्षाही जास्त चवीनं संपते.

धारेवर चढताना प्रत्येकी दोन लिटर पाणी हवं. नुसतं पाणी ढसाढसा पिऊ नका. घामातून मीठ जातं, नुसत्या पाण्यानं रक्तातलं सोडियम उतरलं की मळमळ, गोंधळलेपण असं सुरू होतं. ओआरएसचं पाकीट ठेवा आणि ते लिहिलेल्या प्रमाणात, पूर्ण पाण्यातच कालवा. दुखतंय म्हणून वेदनाशामक गोळ्या घेत पळणं टाळा. अंगात पाणी कमी असताना त्यातल्या बऱ्याच गोळ्या मूत्रपिंडाला घातक ठरतात.

धनगराची कुत्री अंगावर आली तर पळणं थांबवा, चालत, मालकाला हाक मारत पुढे जा. गवा दिसला की थांबायचं आणि तो जाईपर्यंत वाट बघायची, फोटोसाठी पुढे सरकायचं नाही. अस्वलाला माणसाची अचानक गाठ पडलेली आवडत नाही, म्हणून पहाटे आणि तिन्हीसांजेला झाडीत मोठ्यानं बोलत चला. कड्यांवर आग्या मोहोळं असतात. अत्तर, धूर, आरडाओरडा नको. माश्या उठल्याच तर हात न झाडता तोंड झाकून शक्य तितकं लांब पळा.

मुक्कामी

पोचल्यावर आधी बूट काढा, पाय धुऊन कोरडे करा आणि एकमेकांचे तळवे बघा. स्वतःची टाच स्वतःला दिसत नाही. तासाभरात पोटभर जेवा: भात, आमटी, अंडी किंवा पिठलं. मग भिंतीला पाय वर लावून पडा. उद्याचा नकाशा जेवणाआधी बघायचा, जेवणानंतर दोघांपैकी एक हमखास घोरायला लागलेला असतो. घरी फोन करून उद्या कुठून निघून कुठे पोचणार आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची, हे सांगा. धारेवर रेंज येते-जाते.

पाय मुरगळला, साप चावला तर

दोघंच असल्यानं एक पडला की दुसऱ्याला त्याला सोडून मदतीला जावं लागेल का, हा खरा पेच. रेंज असेल तर जागचे हलू नका, 108 ला रुग्णवाहिकेसाठी किंवा 112 ला फोन करा. महाबळेश्वर भागात दऱ्यांत उतरणारी बचाव पथकं आहेत, पोलीस त्यांना बोलावतात. रेंज नसेल तर जखमीला सावलीत बसवा, पाणी, जाकीट आणि शिट्टी त्याच्याजवळ ठेवा, नकाशावर जागेची खूण करा आणि माहीत असलेल्या वाटेनंच गाव गाठा. जवळचा मार्ग म्हणून घळीतून उतरू नका, मग शोधायला दोघं होतात. सापाच्या दंशावर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काहीही करू नका. अंगठी-घड्याळ काढा, चावलेला अवयव हलू देऊ नका, माणसाला उचलून लवकरात लवकर प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्या.

शेवटचा टप्पा

जोरनंतर वाट सोपी होते आणि तिथंच बेसावधपणा येतो. डांबरी रस्ता धरणाच्या कडेनं जातो, दुपारचं ऊन पाण्यावरून परत तोंडावर येतं, टोपी विसरू नका. रस्त्याच्या उजव्या कडेनं, समोरून येणारी गाडी दिसेल असं पळा. धोमच्या नृसिंह मंदिराजवळ किंवा मेणवलीच्या घाटावर पाय पाण्यात सोडून बसायला हरकत नाही, पण फोड फुटले असतील तर नको. वाईतून साताऱ्याला एसटी भरपूर आहेत. गाडीत बसण्याआधी मोजे बदला आणि वाटेत एकदा उठून पाय मोकळे करा, नाहीतर स्टँडवर उतरताना कंडक्टरला हात द्यावा लागेल. पुढचा आठवडाभर पळू नका, चाला. गुडघ्याचं किंवा नडगीचं दुखणं एकाच बिंदूवर टोचत राहिलं तर डॉक्टरांना दाखवा.