95 वालं महाग पेट्रोल टाकायचं का? आधी टाकीचं झाकण उघडून बघा

पंपावर गाडी लावली की पोरगा विचारतो, साहेब प्रीमियम टाकू का, आणि आपण घाईत हो म्हणून मोकळे होतो. मी पण वर्षभर हेच केलं, गाडी साधी 1.2 लिटरची हॅचबॅक, ॲव्हरेजमध्ये काडीचा फरक पडला नाही.

हा 95 चा आकडा म्हणजे ऑक्टेन, आणि ऑक्टेन म्हणजे ताकद नाही हो. सिलिंडरमध्ये स्पार्क पडल्यावर ज्योत पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं मिश्रण दाबाने आपोआप पेटतं, त्याला नॉकिंग म्हणतात, आणि ते रोखायची क्षमता म्हणजे ऑक्टेन. टर्बो किंवा जास्त कॉम्प्रेशनच्या इंजिनात दाब जास्त म्हणून तिथे गरज लागते, साध्या इंजिनला 100 टाकलं तरी ते वाढीव ऑक्टेन वापरणार कुठे?

तर आधी पेट्रोलच्या झाकणाच्या आतला स्टिकर वाचा, नसेल तर मॅन्युअल काढा. किमान 91 लिहिलं असेल तर विषय संपला, साधं टाका. 95 किंवा वर मागितलं असेल तर मात्र त्याहून कमी ऑक्टेनचं टाकू नका, कारण कमी ऑक्टेनच्या पेट्रोलवर नॉक सेन्सर नॉकिंग ओळखतो, इंजिनचा कॉम्प्युटर स्पार्कचं टायमिंग मागे घेतो आणि पिकअप मरतो. आणखी एक गोष्ट, बीएस6 च्या (प्रदूषणाच्या) नियमात साधं पेट्रोल किमान 91 चं धरलंय, पण साध्या नोझलला मिळणाऱ्या ई20 मध्ये 20 टक्के इथेनॉल असल्यामुळे त्याचं ऑक्टेन 95 च्या आसपास जातं. म्हणजे एक्सपी95 किंवा पॉवर95 सारख्या प्रीमियम पेट्रोलला जादा पैसे देताना तो आकडा साध्या नोझलमधून पण मिळत असतो!

प्रीमियममध्ये इंजेक्टर साफ ठेवणारे ॲडिटिव्ह असतात हे खरंय, पण डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, हवा आत घेणाऱ्या इनटेक व्हाल्व्हवर पडतच नाही, तिथला कार्बन त्याने धुतला जाणार नाही.

तरी शंका असेल तर स्वतः मोजा. ऑटो कट होईपर्यंत टाकी भरा, ट्रिप मीटर शून्य करा, 300-400 किलोमीटर रोजच्याच रस्त्याने चालवा, मग त्याच पंपावर त्याच नोझलने परत ऑटो कटपर्यंत भरा, किलोमीटर भागिले लिटर. असं दोन्ही पेट्रोलवर तीन-तीन वेळा करा, एका टाकीवरून काहीच कळत नाही. लिटरला आठ रुपये जास्त धरले तर 35 लिटरला 280 रुपये होतात, तेवढं ॲव्हरेज वाढलं का बघा.

आणि घाटात वरच्या गिअरला दाबल्यावर खडखड टकटक आवाज आला तर पेट्रोल बदलायच्या आधी गिअर खाली घ्या. तरीही आवाज राहिला तर एखादी टाकी जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलची टाकून बघा, आणि त्यानेही थांबला नाही तर गाडी मेकॅनिकला दाखवा, प्लग किंवा कार्बनचा प्रॉब्लेम असू शकतो.