टॉवेल कारखान्यात टेस्टिंग रूम उभारताना: आधी तापमान, मग ह्युमिडिटी

टॉवेलच्या कारखान्यात क्वालिटीला लागलात की आज ना उद्या हे काम तुमच्या गळ्यात पडतंच: शेडच्या एका कोपऱ्यात टेस्टिंगसाठी कंडिशन केलेली, म्हणजे तापमान आणि ह्युमिडिटी ठरलेल्या आकड्यांवर धरलेली, खोली काढायची. मालकांच्या तोंडी ती ‘एसी रूम’ असते आणि गडबड तिथूनच सुरू होते. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत अशी एक खोली मी उभी केली आहे. ती धड चालायला लागेपर्यंत माझी झोप उडाली होती, आणि अजूनही मार्च संपत आला की सकाळी कामावर पोहोचल्यावर चहाआधी मी तिथले आकडे बघते. तुमची तेवढी फरफट होऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

खोली कशाला हवी, हे तुम्हाला ठाऊक असेलच. तरी मालकांना पटवायला एक हिशेब जवळ ठेवा. 65 टक्के ह्युमिडिटीच्या हवेत कापूस आपल्या कोरड्या वजनाच्या साधारण 7 ते 8 टक्के पाणी धरून ठेवतो. हवा 30 टक्क्यांवर उतरली की हेच प्रमाण 4 ते 5 टक्क्यांवर येतं. म्हणजे 500 जीएसएमचा (चौरस मीटरला 500 ग्रॅम) टॉवेल मे महिन्याच्या दुपारी उघड्या पॅकिंग हॉलमध्ये तोलला, तर चौरस मीटरमागे 15 ग्रॅमच्या आसपास कमी भरू शकतो. टॉवेल तोच, विणकर तोच, सूत तेच. बदलली ती फक्त हवा. पार्टीशी वजनावरून वाद झाला, तर तुमच्या हातात कंडिशन केलेल्या खोलीतला आकडा हवा. नाहीतर बोलायला तोंड उरत नाही.

आपल्याकडच्या आयएस 6359 या मानकाप्रमाणे खोलीतली हवा म्हणजे 27 अंश, अधिक-उणे 2, आणि ह्युमिडिटी 65 टक्के, अधिक-उणे 2. परदेशी पार्टी बहुतेक वेळा आयएसओ 139 मागते: 20 अंश अधिक-उणे 2, आणि 65 टक्के अधिक-उणे 4. तुमच्या ऑर्डरी कुठल्या, हे मार्केटिंगला आधी विचारा. सोलापुरात 27 धरणं आणि 20 धरणं यांत मशिनरीचाही फरक आहे आणि वीजबिलाचाही.

आता तो सापळा. इथे मी जरा जास्तच बोलणार आहे, कारण आमची खोली यातच अडकली होती.

वरचे आकडे पुन्हा वाचा. तापमानाला 2 अंशांची सूट आहे आणि ह्युमिडिटीलाही 2 टक्क्यांची. वाचणाऱ्याला वाटतं, दोन स्वतंत्र अटी आहेत, दोन स्वतंत्र मशिनं लावू: एसी तापमान बघेल, ह्युमिडिफायर ह्युमिडिटी बघेल. पण या अटी स्वतंत्र नाहीत. ह्युमिडिटीचा टक्का म्हणजे हवेत पाणी किती आहे एवढंच नव्हे, तर त्या तापमानाला हवा जेवढं धरू शकते त्यातलं किती भरलंय, हे. घागर मोठी केली की तेच पाणी कमी भरल्यासारखं दिसतं. 27 अंशांना 65 टक्के असलेली हवा, पाण्याचा एक थेंबही न काढता, 28 अंशांवर नेली की साधारण 61 टक्के दाखवते. 26 वर आणली की 69 च्या जवळ जाते. एका अंशाला जवळजवळ 4 टक्के.

म्हणजे कागदावर तापमानाला 2 अंशांची मुभा असली, तरी ह्युमिडिटी अधिक-उणे 2 मध्ये ठेवायची तर तापमान अर्ध्या अंशापेक्षा जास्त हलून चालत नाही. हे कुठल्याच कोटेशनमध्ये कुणी लिहून देत नाही. साधा स्प्लिट एसी कॉम्प्रेसर बंद-चालू करत दीड-दोन अंशांचा झोका सहज घेतो, त्याबरोबर ह्युमिडिटी सहा-आठ टक्क्यांचा झोका घेते. ते बघून माणूस ह्युमिडिफायर वाढवतो. मग डीह्युमिडिफायर आणतो. मग दोन्ही एकमेकांशी भांडत राहतात आणि आलेख करवतीच्या दातांसारखा दिसतो. आमच्याकडे तंतोतंत हेच चाललं होतं, आणि सप्लायरचा माणूस प्रत्येक वेळी नवीन सेन्सर सुचवून जायचा.

यातून बाहेर काढलं ते एका मामांनी. लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये त्यांनी ह्युमिडिफिकेशन प्लांटवर फिटर म्हणून काम केलेलं. मिल बंद पडून जमाना झाला, पण त्यांच्याकडे ओल्या-कोरड्या बल्बचा थर्मामीटर अजून होता. ओल्या बल्बची वात स्वच्छ पाण्यात भिजवून, थर्मामीटर हवेत गरागरा फिरवून त्यांनी आकडे वाचले, थोड्या वेळाने पुन्हा वाचले आणि म्हणाले, “पोरी, तू पाण्याच्या मागं लागलीस. आधी गरमी जागेवर बसव, ओल आपसूक बसतीय.” कोरडा बल्ब 27 आणि ओला 22 दाखवत असेल, तर ह्युमिडिटी 65 आहे, हे मला त्यांनी शिकवलं. पाच अंशांचा फरक. स्क्रीनवरचा आकडा खोटा वाटला की मी आजही असंच ताडून बघते. माझं स्पष्ट मत आहे: सोलापुरात मिलमध्ये हवेचं काम केलेली माणसं अजून आहेत. त्यांच्या घरी जाऊन बसा. प्रेझेंटेशन घेऊन येणाऱ्या कन्सल्टंटपेक्षा त्यांच्या ओसरीवरचा एक तास जास्त उपयोगी पडतो.

मग प्रत्यक्षात करायचं काय? एसी सतत चालू ठेवायचा, शक्यतो इन्व्हर्टर, आणि तापमान नेमकं धरायचं काम एका छोट्या हीटरला द्यायचं. तो कंट्रोलरवर अगदी थोडा-थोडा तापतो. एसी आणि हीटर एकाच वेळी चालू दिसले की मालक वैतागणार, वीज उधळताय म्हणणार. तेव्हा गप्प बसू नका. 27 अंश आणि 65 टक्के या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातल्या पाण्याचे थेंब व्हायला लागतात तो आकडा, 20 अंशांच्या आसपास असतो. ऑगस्ट-सप्टेंबरच्या दमट हवेतलं पाणी काढायचं तर ती 20 च्याही खाली थंड करावी लागते आणि मग परत 27 वर आणावी लागते. हीटरशिवाय हे होत नाही. हे त्यांना कागदावर मांडून दाखवा, ऐकतात.

आणि टनेज, म्हणजे एसीची ताकद. “असू द्या एक टन जास्त, उन्हाळा सोलापूरचा आहे” हा सल्ला तुम्हाला सगळे देतील, अगदी प्रेमाने देतील. घेऊ नका. गरजेपेक्षा मोठा एसी खोली चटकन थंड करून बंद पडतो, पाणी काढायला त्याला वेळच मिळत नाही आणि तापमानाचा झोका वाढतो. पैसे वाढवायचे तर भिंतीत आणि छतात घाला.

खोलीच्या बांधणीबद्दल थोडक्यात. पफ पॅनेलच (मध्ये फोम भरलेली पत्र्याची पॅनेल) लावा, जिप्सम आणि प्लायवूड नको. ते स्वतःच ओल पितात आणि सोडतात. द्राक्ष-बेदाणा-डाळिंबाच्या कोल्ड स्टोरेजमुळे आपल्या भागात पॅनेल उभी करणारे चांगले कारागीर मिळतात. त्यांचा हात जोडणीत बसलेला असतो, केबलच्या भोकापासून दाराच्या तळापर्यंत सगळं ते न सांगता बंद करतात. खोलीचं छत आणि शेडचा पत्रा यांच्यात मोकळी, हवा खेळती राहील अशी जागा सोडा. पश्चिमेची भिंत टाळा. दार दुहेरी करा, मध्ये एक माणूस उभा राहील एवढी जागा ठेवून. लूम शेडमधला कापसाचा बारीक भुरका प्रत्येक उघड्या दारातून आत येतो आणि एसीच्या फिल्टरवर गोधडी तयार करतो. फिल्टर आठवड्याला धुवायचा, हे कुणाच्या तरी नावावर लिहून ठेवा. लूमची धडधड जमिनीतून वजनकाट्यापर्यंत पोहोचते, म्हणून काट्याचा ओटा फरशीपासून तोडून वेगळा बांधा. श्रिंकेजसाठीचं वॉशिंग मशीन, ड्रायर आणि ओव्हन या खोलीत कधीही ठेवायचे नाहीत, जागा कितीही रिकामी दिसली तरी.

पाण्याचा विषय आपल्या गावात वेगळाच. नळाला पाणी काही दिवसांआड, म्हणून ह्युमिडिफायरला बोअरचं पाणी जोडायचा मोह होतो. अल्ट्रासॉनिक ह्युमिडिफायर पाण्यातला क्षारही हवेत उडवतो, आणि टेबलावर, नमुन्यांवर, काट्यावर पांढरी पूड बसते. आरओचं किंवा डीएमचं (क्षार काढून टाकलेलं) पाणी वापरा आणि त्याची वेगळी टाकी ठेवा. ह्युमिडिफायर एसीच्या हवा ओढणाऱ्या तोंडाजवळ अजिबात बसवू नका. मे महिन्यात बाहेरची हवा इतकी कोरडी असते की आत पाणी घालावंच लागतं, आणि एसीचं गार कॉइल ते लगेच टिपून घेतं. एकदा ड्रेन पाइपखाली बादली लावून बघा. भर उन्हाळ्यात ती भराभर भरत असेल, तर ते तुम्हीच आरओ करून ओतलेलं पाणी आहे.

सेन्सरची खात्री करण्यासाठी दर वेळी कॅलिब्रेशनवाल्याची वाट बघायची गरज नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात बाटलीचं टोपण ठेवा, त्यात साधं मीठ, त्यावर थोडंसं पाणी. मीठ ओलं दिसलं पाहिजे, विरघळून जाता कामा नये. शेजारी हायग्रोमीटर ठेवून डबा रात्रभर बंद करा. सकाळी 75 टक्क्यांच्या आसपास दिसायला हवं. दोन-तीन टक्के चुकत असेल तर तेवढी चूक चिकटपट्टीवर लिहून मीटरवर लावा. बाजारातला अगदी स्वस्त मीटर या परीक्षेत किती चुकतो हे बघाल, तेव्हा तो स्वतःहून बाजूला ठेवाल. सर्टिफिकेट मात्र अधिकृत कॅलिब्रेशनचंच लागतं. मिठाचा डबा तुमच्या मनाच्या खात्रीसाठी.

एक शॉर्टकट मला मनापासून खटकतो: रविवारी खोली बंद ठेवून सोमवारी सकाळी चालू करायची आणि दुपारी रिपोर्ट द्यायचा. मीटरवर 27 आणि 65 दिसतात, पण टॉवेलच्या आतली ओल अजून रविवारचीच असते. जाड टेरीला वेळ लागतो. दोन तासांच्या अंतराने केलेल्या वजनांत फरक पाव टक्क्याच्या आत आला, तरच नमुना तयार समजायचा. आणि नमुना कोरड्या बाजूकडून ओल्या बाजूकडे जायला हवा. पावसाळ्यात लूमवरून आलेला दमट टॉवेल थेट आत आणून ठेवला, तर तो त्याच 65 टक्क्यांतही थोडं जास्त पाणी धरून बसतो. आधी त्याला मंद उष्णतेत सुकवून घ्या.

हे सगळं वाचून दडपण आलं असेल तर येऊ द्या, पण घाबरू नका. यातलं काहीही डिप्लोमाच्या गणितापलीकडचं नाही, आणि एकदा तापमान जागेवर बसलं की खोली खरंच शांत होते. पहिल्या काही आठवड्यांत आकडे इकडेतिकडे जातीलच. तेव्हा सेटिंगला हात लावायचा मोह आवरा. एका वेळी एकच गोष्ट बदला, वेळ आणि आकडा वहीत लिहा, आणि पूर्ण दिवस-रात्र जाऊ द्या.

ऑर्डर काढतानाच एक अट घाला, नंतर कुणी ऐकत नाही. खोली जानेवारीत ताब्यात घेतली तर ती उत्तमच चालते. सोलापूरच्या जानेवारीत कुठलीही खोली चालते. म्हणून पेमेंटचा शेवटचा हप्ता दोन परीक्षांना बांधा: एक मे महिन्यातली आणि एक ऑगस्ट-सप्टेंबरमधली, दोन्ही वेळा आठवडाभर चोवीस तासांची नोंद, टेबलाच्या उंचीवर, खोलीच्या चारही कोपऱ्यांत आणि मध्यभागी. सप्लायर कुरकुर करेल, हप्ता फोडून मागेल. फोडून द्या, पण त्यातला पावसाळ्याचा भाग राखून ठेवा.