रुग्ण एखाद्या नैराश्यविरोधी औषधाला नको म्हणतो तेव्हा

एस्सिटालोप्राम या नैराश्यविरोधी औषधाचे नाव काढताच रुग्ण 'ही गोळी नको' म्हणाला, तर लगेच दुसरे औषध लिहू नये. नकार नेमका कशाला आहे, हे आधी विचारावे. 'सवय लागेल' ही भीती आपल्याकडे सर्रास आढळते आणि पुष्कळदा ती अल्प्राझोलामसारख्या, चिंता व झोपेसाठी दिल्या जाणाऱ्या आणि सवय लावणाऱ्या गोळ्यांच्या अनुभवातून आलेली असते. अशी भीती औषध बदलून जात नाही. नैराश्यविरोधी औषधांची तशी ओढ लागत नाही, मात्र ती एकदम थांबवल्यास चक्कर, मळमळ, बेचैनी होऊ शकते, या दोन्ही गोष्टी स्पष्ट सांगाव्यात. पॅरॉक्सेटीन व व्हेनलाफॅक्सीन यांच्या बाबतीत हा त्रास अधिक होतो, तर फ्लुऑक्सेटीन शरीरातून फार सावकाश बाहेर पडत असल्याने कमी होतो. गोळ्या वरचेवर चुकवणाऱ्या रुग्णासाठी हा फरक मोलाचा आहे.

एस्सिटालोप्रामसारख्या औषधांमुळे होणारी लैंगिक तक्रार रुग्ण आपणहून क्वचितच सांगतो, म्हणून नातेवाइकांना बाहेर बसवून ती विचारावी. नकाराचे कारण तेच असेल, तर ब्युप्रोपिऑन किंवा मिर्टाझापीन यांचा विचार करता येतो. ब्युप्रोपिऑनने वजनही सहसा वाढत नाही, परंतु फिट येणाऱ्या किंवा ॲनोरेक्सिया, बुलिमिया हे खाण्याचे विकार असलेल्या रुग्णाला ते देऊ नये. मिर्टाझापीनने झोप येते आणि भूक वाढते. त्यामुळे रात्र जागून काढणाऱ्या, अन्नावरची वासना उडालेल्या रुग्णाला ते मानवते, पण वजनाची धास्ती घेतलेल्या मधुमेहीला ते देणे मला योग्य वाटत नाही.

पर्याय लिहिण्यापूर्वी चालू असलेली सर्व औषधे पाहावीत. स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या स्त्रीला पॅरॉक्सेटीन, फ्लुऑक्सेटीन आणि ब्युप्रोपिऑन देणे टाळावे, कारण टॅमॉक्सिफेनचे शरीरात सक्रिय रूप होण्यात ती अडथळा आणतात. आत्महत्येचे विचार असतील, तर अमिट्रिप्टिलीन स्वस्त असले तरी लिहू नये, कारण एकदम जास्त गोळ्या घेतल्या गेल्यास ते हृदयाला घातक ठरते. पूर्वी उन्मादाचा (मेनिया, म्हणजे अतिउत्साहाच्या आजाराचा) काळ येऊन गेला आहे का, हे प्रत्येकाला विचारावे. तसे असल्यास केवळ नैराश्यविरोधी औषध न देता मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावे.

गुण दिसायला साधारण 2 ते 4 आठवडे लागतात, तर मळमळ किंवा बेचैनी पहिल्याच आठवड्यात जाणवू शकते, हे आधी सांगितले नाही तर नवी गोळीही मध्येच सुटते. म्हणून आठवडा-दोन आठवड्यांत पुन्हा बोलवावे. विशेषतः पंचविशीच्या आतील रुग्णाच्या घरच्यांना आत्महत्येच्या विचारांवर लक्ष ठेवण्यास सांगावे आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा चोवीस तास चालणारा क्रमांक चिठ्ठीवरच लिहून द्यावा.