डिशचं सिग्नल गेलं? आधी पिन बघा

गावच्या घरी जुना अँटेना अजून कौलांवर असेल, तर त्याचे दांडे फिरवण्यात वेळ घालवू नका. दूरदर्शनची बहुतेक जुनी अॅनालॉग प्रक्षेपण केंद्रं २०२२ पर्यंत बंद झाली. आता फ्री डिश, म्हणजे दूरदर्शनची मोफत उपग्रह सेवा.

किनाऱ्यावर डिशचा खरा शत्रू पाऊस नाही, खारा वारा. मुसळधार सरीत चित्र गेलं आणि उघडीप मिळताच परत आलं, तर काहीच करायचं नाही. कोरड्या दिवशीही 'नो सिग्नल' असेल तर सेटटॉप बॉक्सचं बटण भिंतीवरूनच बंद करा (केबलमधून वर १३ ते १८ व्होल्ट जातात), आणि एलएनबीला (डिशसमोर दांड्यावरची छोटी डबी) जोडलेली केबलची पिन सोडवा. तांब्याच्या तारेवर हिरवट बुरा दिसला की तेवढी केबल कापून नवी पिन लावा. वर रबरी टेप घट्ट गुंडाळा. साधी इलेक्ट्रिकची पट्टी एका पावसाळ्यात सुटते. केबलला एलएनबीखाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकतं.

टीव्हीवर बॉक्सच्या सिग्नल मीटरमध्ये स्ट्रेंथ आहे पण क्वालिटी शून्य? मग डिश हलली असेल. आपल्याकडून उपग्रह आग्नेयेला, बराच वर. तिकडच्या माडाची झावळंही बघा. आमच्याकडे शेवटी तीच निघाली.