उणे तिशीत गाडी किती वेळ गरम करायची?

नोव्हेंबर लागला की इथे कॅनडात, कॅलगरीत नव्यानं आलेल्या आपल्या मंडळींचे फोन सुरू होतात आणि त्यात एक प्रश्न हमखास असतो: सकाळी निघण्याआधी गाडी किती वेळ चालू करून ठेवायची? कुणाला कुणी पंधरा मिनिटं सांगितलेली असतात, कुणाला वीस. माझं उत्तर पुष्कळांना पटत नाही. एरवी तीस सेकंद ते एक मिनिट, उणे वीसच्या खाली गेलं तर दोन-तीन मिनिटं, आणि मग पहिली पाच-सात मिनिटं गाडी सावकाश चालवायची. बस. गाडीला जी ऊब द्यायची ती आदल्या रात्री प्लग लावून द्यायची असते. सकाळी पेट्रोल जाळून ती मिळत नाही.

घरच्या मोठ्यांचा सल्ला त्यांच्या गाड्यांपुरता बरोबरच होता. पद्मिनी, ॲम्बॅसडर, जुनी मारुती ८००, या सगळ्या कार्बोरेटरच्या गाड्या. थंडीत त्यात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून चोक ओढायचा, दोन-चारदा सेल्फ मारायचा आणि गाडी थरथरत सुरू झाली की रेस देत उभं राहायचं. तसं केलं नाही तर पहिल्याच चौकात ती बंद पडायची. आताच्या गाडीत फ्युएल इंजेक्शन असतं. सेन्सर इंजिनाचं तापमान बघतो आणि पेट्रोल किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. तुम्ही इथे घ्याल त्या दहा-पंधरा वर्षं जुन्या सेकंडहँड गाडीतही हेच आहे.

उलट जास्त वेळ उभी गाडी चालू ठेवली तर इंजिनाचं नुकसानच होतं. गार इंजिनात कॉम्प्युटर मुद्दाम जास्त पेट्रोल सोडतो. ते सगळं जळत नाही. थोडं सिलिंडरच्या भिंतींवर बसतं, तिथला ऑइलचा थर धुऊन काढतं आणि खाली ऑइलमध्ये जाऊन मिसळतं. इंजिन तापलं की हे थांबतं, पण उभ्या गाडीत इंजिनावर भारच नसतो, त्यामुळे ते तापायला फार वेळ घेतं. चालवलं की तेच इंजिन झपाट्यानं गरम होतं आणि आतला हीटरही लवकर ऊब द्यायला लागतो. कॅनडा सरकारच्या नैसर्गिक संसाधन खात्याचा हिशेब असा आहे की तीन लिटरचं इंजिन दहा मिनिटं नुसतं चालू ठेवलं तर साधारण ३०० मिलिलिटर पेट्रोल जातं. रोज सकाळ-संध्याकाळ असं केलं तर महिन्याला किती होईल ते तुम्हीच बघा. नव्यानं आलेल्या घरात एकेक डॉलर मोजला जातो, हे मला माहीत आहे.

शिवाय गाडी म्हणजे नुसतं इंजिन नाही. गिअरबॉक्समधलं ऑइल, चाकांची बेअरिंगं, शॉक ॲब्सॉर्बर, टायर हे सगळंही गारठलेलं असतं, आणि चाकं फिरल्याशिवाय ते नीट मोकळं होत नाही. उणे तिशीत रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचे टायर खालून चपटे झालेले असतात. पहिला एखादा किलोमीटर ते चौकोनी असल्यासारखे धडधडतात, स्टिअरिंग जड लागतं, सस्पेन्शन करकरतं. घाबरू नका, गाडी बिघडलेली नाही. फक्त त्या काळात जोरात ॲक्सिलरेटर दाबायचा नाही, इंजिन अडीच हजार आरपीएमच्या वर न्यायचं नाही आणि शक्य असेल तर लगेच हायवेवर चढायचं नाही.

मग ते पहिलं मिनिट तरी कशाला? ऑइलसाठी. थंडीत ऑइल दाट होतं आणि इंजिनात वरपर्यंत पोचायला त्याला थोडा वेळ लागतो. म्हणून इथे ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० अशी ऑइल वापरतात. पहिला आकडा जितका लहान तितकं ते थंडीत वाहतं राहतं. तुमच्या गाडीला कुठलं चालतं ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. हिवाळ्याआधी ऑइल बदलताना ते बघून तसं मेकॅनिकला सांगा.

आणखी एक गोंधळ मोबाईलवरच्या आकड्यांचा. ‘उणे ४२ जाणवतंय’ असं दिसलं की लोकांचा धीर सुटतो. तो विंडचिल, माणसाच्या उघड्या कातडीला वाऱ्यानं किती गार वाटेल त्याचा आकडा. हवा उणे २८ असेल तर गाडी उणे २८च्या खाली जात नाही. वाऱ्यानं ती फक्त लवकर तिथे पोचते. गाडीचे निर्णय खऱ्या तापमानावर घ्या आणि कानटोपी-हातमोज्यांचे विंडचिल बघून घ्या.

आता प्लगचं. इथल्या गाड्यांच्या पुढच्या जाळीतून एक छोटी वायर आणि तीन पिनांचा प्लग लोंबत असतो. नव्या माणसाला वाटतं, गाडी विजेवर चालते की काय. तो ब्लॉक हीटर. इंजिनात कूलंटमध्ये, म्हणजे इंजिनात फिरणाऱ्या न गोठणाऱ्या पाण्यात, एक हीटिंग कॉइल बसवलेली असते, साधारण ४०० ते १००० वॉटची, आणि ती कूलंट कोमट ठेवते. कूलंट कोमट म्हणजे इंजिनाचा ब्लॉक कोमट आणि ऑइलही थोडं सैल. अशी गाडी सकाळी एका सेल्फमध्ये सुरू होते. मी उणे पंधराच्या खाली अंदाज असला की प्लग लावते. उणे पंचविशीत तर लावल्याशिवाय झोपतच नाही, कारण माझी ड्यूटी सकाळी सातला असते.

मात्र रात्रभर लावून ठेवायची गरज नाही. निघण्याआधी दोन-तीन तास पुरतात. हार्डवेअरच्या दुकानातून बाहेर वापरायचा टायमर आणा आणि पहाटे चारला सुरू होईल असा लावा. सहाशे वॉटचा हीटर दहा तास चालला तर सहा युनिट वीज जाते, तीन तासांत दोन युनिटही होत नाहीत. एक्स्टेन्शन कॉर्ड बाहेर वापरायची, जाड तारेची आणि थंडीत न कडकणारी घ्या. घरातली बारीक कॉर्ड बर्फात टाकू नका, ती गरम होते आणि तिचं प्लॅस्टिक तडकतं. सकाळी प्लग काढून वायर जाळीत खोचल्याशिवाय गाडीत बसायचं नाही, ही सवय पहिल्या दिवसापासून लावा.

भाड्याचं घर बघताना पार्किंगच्या जागेजवळ चालू सॉकेट आहे का हे आधी विचारा. तळघरातलं पार्किंग असेल तर हा प्रश्नच मिटतो. टोरांटो किंवा व्हँकुव्हरकडून आलेली सेकंडहँड गाडी घेत असाल तर ब्लॉक हीटर आहे का ते वाकून बघा, तिकडच्या गाड्यांना तो बऱ्याचदा नसतो. गॅरेजमध्ये नंतरही बसवून मिळतो, पण ते काम ऑक्टोबरात करून घ्या. पहिली लाट आली की सगळं शहर तिथे रांगेत असतं.

२०२४च्या जानेवारीत, संक्रांतीच्या दोनच दिवस आधी, अल्बर्टात, म्हणजे कॅलगरी ज्यात येतं त्या आपल्या प्रांतात, अशी थंडी पडली की वीज कमी पडायला लागली. १३ तारखेला संध्याकाळी सगळ्यांच्या फोनवर एकदम इशारा वाजला: अनावश्यक दिवे बंद करा, इलेक्ट्रिक गाड्यांचं चार्जिंग आणि ब्लॉक हीटर थोडे पुढे ढकला. लोकांनी ऐकलं आणि काही वेळातच ताण उतरला. असा इशारा आला तर तुम्हीही पाळा. टायमर असला की हीटर पहाटेवर ढकलणं सोपं जातं.

गाडी सुरूच झाली नाही तर दहातल्या बहुतेक वेळा दोष बॅटरीचा असतो. शून्य अंशाला बॅटरीची ताकद साधारण एक तृतीयांशानं घटते आणि उणे १८ला निम्म्याहून कमी उरते, तर घट्ट ऑइलमुळे सेल्फला नेमकी तेव्हाच जास्त ताकद हवी असते. चार-पाच वर्षांची बॅटरी ऑक्टोबरात तपासून घ्या. जंपर केबल डिकीत असू द्या आणि शेजाऱ्याकडे मदत मागायला लाजू नका. त्या बाबतीत इथली माणसं फार चांगली आहेत.

गाडी निघायला तयार आहे, पण तुम्हाला समोरचं दिसतंय का? सकाळचा वेळ जातो तो इथे. काचेवरचा बर्फ खरवडून काढा, चारही बाजूंनी. पुढच्या काचेत खिडकीएवढा गोल करून निघणारे लोक दिसतात. त्यासाठी दंड होतोच, आणि शाळेच्या वेळेला रस्त्यावर लहान मुलं असतात. टपावरचा बर्फही झाडा, नाहीतर पहिल्या ब्रेकला तो सगळा काचेवर घसरतो. काचेवर गरम पाणी कधीही ओतू नका, ती तडकते. आतून धुकं धरत असेल तर एसी चालू आणि हवा बाहेरची घ्या. काच धुवायचं वॉशरचं पाणी उणे ४०पर्यंत न गोठणारं भरा.

यापुढचं कृपा करून घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. घराला जोडलेल्या गॅरेजमध्ये गाडी चालू करून ठेवायची नाही, दार उघडं असलं तरी नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो आणि तो भिंतीच्या फटीतून घरात शिरतो. गाडी सुरू केली की लगेच बाहेर काढा. घरात त्याचा अलार्म लावा आणि त्याची बॅटरी बघत राहा. तसंच, बर्फ पडून गेल्यावर सायलेन्सरचं तोंड आधी मोकळं करा. मुलांना उबेला म्हणून चालू गाडीत बसवायचं आणि आपण बाहेर बर्फ उपसत राहायचं, हे करू नका. सायलेन्सर बर्फात बुजलेला असेल तर धूर आत येतो आणि मुलांना कळतही नाही.

चावी लावून गाडी चालू सोडून घरात चहा प्यायलाही जाऊ नका. थंडीच्या सकाळी चोर नेमक्या अशाच गाड्या हेरत फिरतात. कॅलगरी पोलिसांची त्यासाठी ‘ऑपरेशन कोल्ड स्टार्ट’ नावाची मोहीमच असते. रिमोट स्टार्टर असेल तर गाडी कुलूपबंद राहते, तो दोन-तीन मिनिटं वापरा आणि निघा.

इलेक्ट्रिक गाडी घेतली असेल तर तिला चार्जरला जोडलेली असतानाच ॲपवरून गरम करा, म्हणजे ती ऊब बॅटरीतून खर्च होत नाही.

आणि शिनूकचं ध्यानात ठेवा. रॉकी पर्वतावरून तो कोरडा गरम वारा उतरला की काही तासांत उणे वीसचं अधिक पाच होतं, बर्फ वितळून दारांच्या रबरांत पाणी शिरतं आणि रात्री पुन्हा गोठतं. सकाळी दार उघडत नाही. ओढाताण केली की रबर फाटतं. त्या दिवशी संध्याकाळीच रबरं कोरडी पुसा, त्यांना सिलिकॉनचा हात फिरवा आणि टायरची हवा बघा. पारा पाच-सहा अंशांनी उतरला की हवा साधारण एक पीएसआयनं कमी होते.