पॉल रॉजर्स ऐकायचाय? मग या क्रमाने ऐका

बऱ्याच जणांना हा ब्रिटिश गायक क्वीन या रॉक बँडमुळे माहितीये. २००४ नंतर काही वर्षं तो क्वीनच्या ब्रायन मे आणि रॉजर टेलरसोबत गायला, तेही 'क्वीन प्लस पॉल रॉजर्स' अशा नावाने, म्हणजे कुणाची जागा घ्यायला आला नव्हता हे नावातच स्पष्ट होतं, तरी लोक तिथूनच ऐकायला घेतात, क्वीनचा मूळ गायक, दिवंगत फ्रेडी मर्क्युरीशी तुलना करतात आणि दोन गाण्यांत सोडून देतात. प्लीज असं करू नका, ब्रिटिश ब्लूज रॉकमधला (म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लूज संगीतावर उभ्या रॉकमधला) सगळ्यात भारी आवाज तुमच्या हातून निसटेल.

सुरुवात १९७० च्या 'फायर अँड वॉटर'पासून करा. बँडचं नाव फ्री. रॉजर्स मिडल्सब्रोचा पोरगा, तेव्हा वय वर्षं २०, गिटारवर पॉल कॉसॉफ, ड्रम्सवर सायमन कर्क आणि बेसवर (खालच्या, जाड सुरांची गिटार) अँडी फ्रेझर, तो तर जेमतेम १७ चा! शेवटचं गाणं 'ऑल राइट नाऊ', ते अल्बममधलंच ऐका, सिंगल कापून छोटं केलेलं आहे. हेडफोन लावा आणि कडव्यांमध्ये बेस शोधा. सापडणारच नाही, कारण तिथे तो वाजतच नाही, फक्त गिटार, ड्रम्स आणि आवाज. कोरस आला की बेस आत येतो आणि गाणं एकदम भरून येतं. आता तेच गाणं परत लावा आणि यावेळी फक्त रॉजर्सकडे लक्ष द्या. एवढी मोकळी जागा मिळालीये पण तो ती भरायला धावत नाही, ओळ संपली की थांबतो, आणि जोर लावतो तो नेमक्या एखाद्याच शब्दावर. माझ्या मते त्याची सगळी ताकद या थांबण्यात आहे, पुढचं सगळं करिअर ऐकताना हेच शोधत राहा.

मग एक पाऊल मागे, १९६९ चा पहिला अल्बम 'टन्स ऑफ सॉब्स'. हा जास्त कच्चा आणि जास्त ब्लूज आहे, त्यात ब्लूज गायक सेंट लुइस जिमी ऑडनचं 'गोइंग डाऊन स्लो' आठ मिनिटांच्या वर चालतं, ते मध्येच पुढे ढकलू नका.

फ्री १९७३ मध्ये संपला आणि लगेच रॉजर्सचा पुढचा बँड, बॅड कंपनी, सुरू झाला. इथे एक प्रयोग नक्की करा. 'रेडी फॉर लव्ह' हे बॅड कंपनीचा गिटारिस्ट मिक राल्फ्सचं गाणं, आधी १९७२ मध्ये तो मॉट द हूपल या बँडमध्ये असताना स्वतःच गायला होता, ते ऐका आणि लगेच १९७४ च्या बॅड कंपनीच्या पहिल्या अल्बममधलं रॉजर्सचं ऐका. गाणं तेच, गिटारिस्टही तोच, पण आवाज बदलल्यावर काय होतं ते कुणी समजावून सांगायची गरजच पडत नाही. हा अल्बम अमेरिकेत नंबर एकला गेला होता. नंतरचे अल्बम निवडून ऐकले तरी चालतील, १९८२ मध्ये रॉजर्स बाहेर पडला. लेड झेपेलिनचा गिटारिस्ट जिमी पेजसोबतच्या द फर्म या बँडचे दोन अल्बम सध्या राहू द्या.

१९९३ चा 'मडी वॉटर ब्लूज' मात्र सोडू नका, यात रॉजर्स अमेरिकन ब्लूज गायक-गिटारिस्ट मडी वॉटर्सची गाणी गातो. जेफ बेक, गॅरी मूर, डेव्हिड गिलमोर, बडी गाय असे एकेक गिटारवाले आलेत, त्यामुळे कान गिटारकडेच जातो. म्हणून आधी मडी वॉटर्सचं १९५० चं 'रोलिन स्टोन' ऐका, एक आवाज आणि एक इलेक्ट्रिक गिटार, बाकी काही नाही, आणि मग तेच गाणं या अल्बममधलं ऐका. रॉजर्स मडीची नक्कल करत नाही, स्वतःच्याच आवाजात राहतो.

२०१४ चा 'द रॉयल सेशन्स' मेम्फिसच्या रॉयल स्टुडिओत रेकॉर्ड झालाय. यात तो अमेरिकन सोल गायक ओटिस रेडिंगची गाणी गातो, आणि विशीतल्या त्या पोराने गायकी कुणाकडून उचलली होती ते इथे कळतं. ओटिसचं १९६५ चं 'आय हॅव बीन लव्हिंग यू टू लाँग' शेजारी ठेवून ऐका.

'मिडनाईट रोज' हा अल्बम सगळ्यात शेवटी ठेवा. तो २०२३ मध्ये आला, आणि त्याच वर्षी रॉजर्सने सांगितलं की मधल्या काळात त्याला अनेक स्ट्रोक येऊन गेले आणि एकदा तर बोलताही येत नव्हतं. आधीचे अल्बम कानात बसलेले असतील तरच त्या आवाजात काय टिकून राहिलंय ते ओळखू येईल.